बॅटरी फुल असताना प्लग-इन हायब्रिडचा ब्रेक वेगळा का वाटतो?

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली गाडी. रात्रभर चार्जिंगला लावलेली अशी गाडी सकाळी बाहेर काढली की पहिल्या एक-दोन किलोमीटरांत ती बऱ्याच जणांना थोडी अनोळखी वाटते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर रोजच्यासारखी मागे ओढ लागत नाही, गाडी मोकळी घरंगळत राहते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा जागचा हलत नाही. त्यातून पुढे उतार असेल तर आणखी एक चमत्कारिक प्रकार घडतो: मोड इलेक्ट्रिक, बॅटरी शंभर टक्के, आणि तरीही पेट्रोल इंजिन घुमायला लागतं. मग शंका येतात. ब्रेक कमी झाला का? बॅटरी ओव्हरचार्ज होतेय का? इंजिन उगाच पेट्रोल जाळतंय का?

पहिल्या दोन्हींचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. तिसऱ्याचंही जवळपास तेच, फक्त त्याला एक छोटी पुरवणी आहे, ती पुढे येईल. सपाट रस्त्यावर या सगळ्याची फिकीर करण्याचं कारण नाही. उतारावर मात्र थोडी समज असलेली बरी, कारण तिथे हा प्रकार मिनिटभरात संपत नाही.

ब्रेक लावला की ऊर्जा जाते कुठे

ब्रेकचं काम म्हणजे गाडीतल्या गतीच्या ऊर्जेची विल्हेवाट लावणं. साध्या ब्रेकमध्ये पॅड डिस्कवर घासतात, ऊर्जेची उष्णता होते आणि ती हवेत जाते. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये, ज्याला सगळे थोडक्यात 'रीजन' म्हणतात, चाकं मोटार फिरवतात, मोटार जनरेटर होते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. जनरेटर फिरवायला जोर लागतो. तो जोर चाकांकडूनच येत असल्यामुळे गाडीचा वेग कमी होतो.

यातली मेख अशी, की मोटारीने ब्रेक लावायचा असेल तर तयार झालेली वीज कुठेतरी गेलीच पाहिजे. घेणारं कोणी नसेल तर मोटार वीज बनवू शकत नाही, आणि वीज बनत नसेल तर ब्रेकही लागत नाही. बॅटरी फुल असताना नेमका हाच पेच पडतो.

ऊर्जा किती असते याचा अंदाज घेऊ. हिशेब विजेच्या बिलावरच्या युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासात करू. माणसांसकट १,८०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर तिच्या गतीत जेमतेम ०.०७ युनिट ऊर्जा असते. ताशी १०० ला ती ०.१९ युनिट होते. म्हणजे सिग्नलला थांबताना परत मिळणारी ऊर्जा तशी किरकोळच. तीच गाडी १,००० मीटर उंचीवर नेली तर केवळ त्या उंचीमुळे तिच्यात ४.९ युनिट साठलेले असतात. शहरातला ब्रेक आणि घाटातला ब्रेक यांतला फरक या आकड्यांत आहे.

बॅटरी शेवटच्या टक्क्यांत एवढी नखरेल का होते

लिथियम-आयन सेल चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. सेल रिकामा असताना जागा भरपूर असतात, त्यामुळे आयन झपाट्याने आले तरी सामावून जातात. सेल भरत आला की मोकळ्या जागा विरळ होतात आणि प्रत्येक नव्या आयनाला आत सरकायला वेळ लागतो. अशा वेळी मोठा प्रवाह रेटला तर काही लिथियम आत न जाता ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतं. यातलं बरंचसं पुन्हा उपयोगी येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते. असा धातू सुईसारखा वाढत गेला तर आतल्या आत शॉर्टसर्किटचाही धोका असतो. थंडीत आयनांची हालचाल आणखी मंदावते, म्हणून गारठलेली बॅटरी अर्धी रिकामी असली तरी रीजन कमी मिळतं. गाडी फुल नाही, तरी ओढ लागत नाही, असा अनुभव कडाक्याच्या थंडीत येतो तो यामुळेच.

दुसरी मर्यादा व्होल्टेजची. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलला सर्वसाधारणपणे ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देत नाहीत, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलला ३.६५ च्या. चार्जिंग चालू असताना सेलच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज आणखी वर चढतं. समजा सेल स्वस्थ असताना ४.०५ व्होल्टवर आहे, त्याचा अंतर्गत रोध २ मिलिओहम आहे आणि रीजनमधून १०० अँपिअर आत आले. व्होल्टेजमध्ये ०.२ ची भर पडली आणि ४.२५ झालं, म्हणजे मर्यादा ओलांडली. सेल खरं तर पूर्ण भरलेला नव्हता, पण जोराचा घोट त्याला पचणार नव्हता. भिंतीवरच्या चार्जरला ही अडचण जाणवत नाही, कारण शेवटच्या टप्प्यात तो प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. ब्रेकिंगची वीज मात्र सेकंदाभरात उसळते आणि संपते.

हे सगळं सांभाळायला बॅटरीच्या आत एक नियंत्रण यंत्रणा असते, बीएमएस. 'या क्षणी मी जास्तीत जास्त इतके किलोवॅट घेऊ शकते' असा आकडा ती मोटारीच्या नियंत्रकाला सतत कळवत असते. तापमान, चार्जची पातळी, सेलचं वय असं बरंच काही पाहून तो आकडा ठरतो. बॅटरी भरत आली की तो उतरत जातो आणि रीजन तेवढ्याच बेताने कमी होतं. उतारावरून जाताना बॅटरी 'ओव्हरचार्ज' होईल ही भीती म्हणूनच अनाठायी. यंत्रणा नको असलेली वीज आत घेतच नाही.

प्लग-इन हायब्रिडला हा प्रकार निव्वळ इलेक्ट्रिक गाडीपेक्षा जास्त जाणवतो, कारण तिची बॅटरी लहान असते. ४८ किलोवॅटचं रीजन ६० युनिटच्या बॅटरीला अगदी हलकं वाटतं. त्या गतीने ती रिकामी भरायला सव्वा तास लागेल. तेच ४८ किलोवॅट १२ युनिटच्या बॅटरीत घातले तर ती पंधरा मिनिटांत भरेल. सेलच्या दृष्टीने हा पाचपट जाच झाला. म्हणून लहान बॅटरी वरच्या टोकाला लवकर हात आखडता घेते.

इथे एक दिलासाही आहे. डॅशबोर्डवरचे १०० टक्के म्हणजे सेलचे खरे १०० टक्के क्वचितच असतात. उत्पादक वर आणि खाली थोडी जागा राखून ठेवतात. २०१० च्या शेवटी आलेल्या पहिल्या पिढीच्या शेव्हरोले व्होल्टमध्ये १६ युनिटची बॅटरी होती, पण त्यातले सुमारे १० युनिटच वापरायला मिळत. इतकी राखीव जागा असली की 'फुल' बॅटरीतही बऱ्यापैकी रीजन मिळू शकतं. पुढे उत्पादकांनी ही राखीव जागा कमी करत आणली, ग्राहकाला जास्त किलोमीटर दाखवता यावेत म्हणून. त्यामुळे एकाच्या गाडीत फुल बॅटरीवरही ओढ लागते आणि दुसऱ्याच्या गाडीत मुळीच लागत नाही. दोघेही खरं बोलत असतात.

पाय उचलणं आणि ब्रेक दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी

या विषयावरचा बहुतेक गोंधळ हा फरक लक्षात न घेतल्याने होतो.

रीजन दोन प्रकारे मिळतं. एक, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप लागणारी ओढ. स्टिअरिंगमागच्या पॅडलने ती कमी-जास्त करता येते. मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इनमध्ये त्याला बी-० ते बी-५ अशा पायऱ्या आहेत. दोन, ब्रेकचा पेडल दाबल्यावर मिळणारं रीजन.

दुसऱ्या प्रकारात गाडी तुमच्या पायाचा दाब मोजते, तुम्हाला वेग किती कमी करायचा आहे ते ठरवते, आणि मग त्यातला किती भाग मोटारीने उचलायचा आणि किती पॅड-डिस्कने, याची वाटणी करते. बॅटरी अर्धी असेल तर हलका ब्रेक जवळजवळ सगळा मोटारच लावते. बॅटरी फुल असेल तर तोच ब्रेक जवळजवळ सगळा पॅड लावतात. पेडल तितकाच दाबला तर गाडी तितक्याच अंतरात थांबली पाहिजे, अशी रचना असते. ही उत्पादकाची मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांची गाड्यांच्या ब्रेकिंगसाठीची १३-एच ही नियमावली अनेक देशांत लागू आहे. ब्रेकच्या पेडलला जोडलेल्या रीजनचा जोर बॅटरीच्या चार्जच्या पातळीमुळे बदलला, तर त्याची भरपाई आपोआप झाली पाहिजे अशी अट तिच्यात आहे. बॅटरी फुल असण्याची शक्यता नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतीच.

पहिल्या प्रकारात, म्हणजे पाय उचलल्यावरच्या ओढीत, अशी भरपाई सगळ्याच गाड्यांत होत नाही. तिथे तुम्ही गाडीकडे ठरावीक वेगघट 'मागितलेली' नसते. ओढ कमी झाली तर कमीच जाणवते. 'आज ब्रेक लागत नाहीये' असं वाटतं ते बहुधा इथेच, कारण सवय झालेली असते ती ओढीची. काही उत्पादकांनी यावरही तोड काढली आहे: टेस्लाने आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांत असा पर्याय दिला, की रीजन कमी पडत असेल तेव्हा पाय उचलल्यावर गाडी स्वतःच साधा ब्रेक लावून तेवढीच ओढ देते. मला हा उपाय सोयीचा वाटतो, पण लांब उतारावर तो फसवा ठरू शकतो. चालकाला वाटतं ऊर्जा परत मिळतेय, आणि प्रत्यक्षात पॅड तापत असतात.

पेडलच्या वाटणीतही सगळं नेहमी मख्खनासारखं नसतं. मोटारीचा ब्रेक सोडून पॅडचा ब्रेक धरणं हे काम सेकंदाच्या काही भागात व्हावं लागतं, आणि चाक घसरून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं झालं की रीजन बहुधा ताबडतोब मागे घेतलं जातं. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि तिची काही हायब्रिड भावंडं मिळून जगभरातल्या चार लाखांहून अधिक गाड्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावला असताना या बदलाच्या क्षणी पकड क्षणभर सुटल्यासारखी वाटत होती. त्यानंतर ही यंत्रणा खूप सुधारली आहे. तरी ज्याचा पाय संवेदनशील आहे त्याला फुल बॅटरीवर पेडल किंचित वेगळा लागतो, आणि तो भ्रम नसतो.

आता ब्रेक 'कमी' होण्याच्या भीतीबद्दल. ताशी १०० वरून जोरात ब्रेक दाबला, तर पहिल्या क्षणी साधारण ४०० किलोवॅटहून जास्त गतीने ऊर्जा बाहेर टाकावी लागते. प्लग-इन हायब्रिडची मोटार बहुधा ६० ते १०० किलोवॅटच्या आसपास असते. म्हणजे तातडीच्या ब्रेकमध्ये मुख्य काम पॅड-डिस्कच करतात, बॅटरी फुल असो की रिकामी. रीजन ही बचतीची सोय आहे; गाडी थांबवण्याची भिस्त तिच्यावर ठेवलेली नसते.

जाता जाता मागच्या लाल दिव्यांबद्दल. १३-एच नुसार केवळ पाय उचलल्याने वेगघट सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त होत असेल तर ब्रेकचे दिवे लागायलाच हवेत, आणि ०.७ किंवा त्याहून कमी असेल तर लागता कामा नयेत. त्यामुळे फुल बॅटरीवर ओढ मंद असताना पाय उचलला की मागच्याला दिवा दिसेलच असं नाही.

इंजिन मधेच का घुमतं

हा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण इथे प्लग-इन हायब्रिडला इलेक्ट्रिक गाडीकडे नसलेली एक वाट सापडते: तिच्याकडे इंजिन आहे, आणि इंजिन हा उत्तम ब्रेक आहे.

इंधन बंद करून इंजिन चाकांच्या जोराने फिरवलं, की आतले पिस्टन हवा ओढतात, दाबतात, बाहेर टाकतात. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, मिटलेला असल्यामुळे हवा ओढायला त्रास होतो. त्यात घर्षणाची भर. या सगळ्याला लागणारा जोर गाडीच्या गतीतून खर्च होतो. घाट उतरताना गिअर खाली घ्यावा असं जुनेजाणते चालक सांगत आले ते याचसाठी.

हायब्रिडच्या रचनेनुसार हे वेगवेगळ्या तऱ्हेने घडतं. मोटार जिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसवलेली असते, तिथे एरवी इलेक्ट्रिक मोडमध्ये इंजिन क्लचने तोडून ठेवलेलं असतं. बॅटरी वीज घेईनाशी झाली की गाडी तो क्लच जोडते, आणि इंजिन चाकांबरोबर फिरून ब्रेकचं काम करतं.

टोयोटाच्या रचनेत असा क्लच नसतो, तरी तीच गोष्ट आणखी डोकेबाजपणे साधलेली आहे. तिथे दोन विद्युत यंत्रं आहेत. मोठं यंत्र चाकांशी जोडलेलं, ते उतारावर वीज बनवतं. धाकटं यंत्र ग्रहीय गिअरच्या मार्फत इंजिनाशी जोडलेलं. बॅटरी भरली की मोठ्याने बनवलेली वीज धाकट्याला दिली जाते आणि ते इंजिन गरागरा फिरवतं, इंधनाशिवाय. म्हणजे वीज बनवली ती इंजिनाला नुसता हवेचा पंप करून उधळायला! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण पॅड थंड राहतात. शिफ्टरवरच्या 'बी' खुणेने हेच काम तुम्ही स्वतःही सुरू करू शकता. साध्या, न प्लगणाऱ्या हायब्रिडमध्ये हे १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून लागतंच, कारण तिसऱ्या पिढीपर्यंतच्या प्रियसची बॅटरी जेमतेम १.३ ते १.८ युनिटची असे आणि ती मोठ्या उतारावर लवकरच भरून जाई. प्लग-इनला हा उपाय आयता मिळाला.

म्हणून इलेक्ट्रिक मोडमध्ये उतरताना इंजिनाचा आवाज चढला तरी दचकू नये. त्या वेळी ते बहुधा पेट्रोल घेतच नसतं. आता ती पुरवणी: बराच वेळ नुसती हवा गेली की धुराड्यातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरकात प्राणवायू साचतो. त्याची रासायनिक घडी परत बसवायला इंजिन पुन्हा पेटल्यावर थोडं जास्त इंधन देतं. काही गाड्या थंड इंजिन आधी पेटवून गरम करून घेतात, मग फिरवतात. तेवढं पेट्रोल जातं. घाट उतरून आल्यावर सरासरीच्या आकड्यात ते दिसणारही नाही.

'वीज उधळायचीच आहे तर एसी फुल करा' असा सल्लाही ऐकायला मिळतो. एसी एक-दोन किलोवॅट घेतो. ६ टक्के उतारावर ताशी ५० ने उतरताना आपल्या १,८०० किलोच्या गाडीला टायरचा आणि हवेचा अडथळा वजा जाता सुमारे ११ किलोवॅटचा ब्रेक सतत लागतो. एसीने फार फरक पडत नाही. गार मात्र छान वाटतं. डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनांत या कामासाठी छपरावर मोठमोठे रोधक बसवलेले असतात, ते वीज उष्णतेत बदलून वाऱ्यावर सोडतात. कारमध्ये एवढं धूड आणि एवढी उष्णता परवडत नाही.

सपाट रस्ता आणि उतार, दोन्हींचे हिशेब

सपाटीवर प्लग-इन हायब्रिड एका किलोमीटरला ढोबळमानाने ०.२ युनिट खाते. ताशी ६० वरून एकदा थांबल्यावर बॅटरीत परत येणारी ऊर्जा ०.०५ युनिटच्या आसपास. म्हणजे घरातून निघून एक किलोमीटर चाललं की तशा चार ब्रेकांची जागा झाली. शिवाय थांबण्याआधी तो वेग गाठायला बॅटरीतूनच वीज गेलेली असते, आणि परत येणारी नेहमी त्याहून कमी असते. सपाटीवर फुल बॅटरीचा प्रश्न स्वतःच स्वतःला सोडवतो. यासाठी रोज ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचा आटापिटा मला व्यर्थ वाटतो. सेलचं आयुष्य वाढावं म्हणून कोणी थांबवत असेल तर ते वेगळं. त्यात तथ्य आहे.

उताराचा हिशेब निराळा. १,००० मीटर खाली, ६ टक्के उतार, म्हणजे सुमारे १७ किलोमीटरचा रस्ता. ताशी ५० ने वीस मिनिटं. ४.९ युनिटपैकी सव्वा युनिटच्या आसपास टायर आणि हवा खातात. उरलेल्या पावणेचार युनिटची विल्हेवाट ब्रेकला लावावी लागते. बॅटरीत जागा असेल तर रूपांतरातली घट धरूनही पावणेतीन-तीन युनिट आत जातील. १२ युनिटच्या बॅटरीचा हा पाव भाग झाला, तेही फुकट. जागा नसेल तर सगळी उष्णता. पावणेचार युनिट उष्णतेत साधारण ४० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येतं. ती सगळी चार डिस्कमध्ये ओतायची की इंजिनाच्या वाटेने थोडी थोडी बाहेर काढायची, हा निर्णय चालकाच्या हातात असतो.

पॅड अति तापले की त्यांची पकड सुटते. उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचली तर ते उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातो. डॉट-४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी ती मर्यादा १५५ वर येते. हायब्रिडवाले इथेच गाफील राहतात. 'माझे पॅड तर झिजतच नाहीत' म्हणून ब्रेकच्या देखभालीकडे पाहत नाहीत, पण ऑइल पाणी शोषतं ते काळाने, वापराने नव्हे.

मग करायचं काय? खरा अवघड प्रसंग एकच: चार्जिंगची जागा वर आणि जायचंय खाली. घर किंवा मुक्काम डोंगरावर असेल तर चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवावं. त्याची सोय गाडीत किंवा ॲपमध्ये असली तर उत्तम, नसली तर टायमरने जमवावं. शेव्हरोलेने आपल्या बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीत सुरुवातीला 'हिलटॉप रिझर्व्ह' नावाची सेटिंगच दिली होती, टेकडीवर राहणाऱ्यांसाठी वरची जागा रिकामी ठेवणारी. स्वित्झर्लंडमधल्या एका खाणीतला विजेवर चालणारा अजस्र डंपर तर या हिशेबावरच जगतो. तो रिकामा वर चढतो आणि भरलेला खाली येतो. उतरताना वजन जास्त असल्याने परत मिळणारी वीज चढायला पुरून उरते. त्याला वर जाऊन चार्जिंगला लावणं हा शुद्ध खुळेपणा ठरला असता.

घाट चढून मग उतरायचं असेल तर चूक बहुधा चढावर होते. चढताना 'चार्ज' किंवा 'सेव्ह' मोड लावून बॅटरी जपायची, पेट्रोल जाळून वर न्यायची, आणि माथ्यावर भरलेली बॅटरी घेऊन उतरायला लागायचं. असं केलं की उताराची फुकटची वीज घ्यायला जागाच राहत नाही. चढाच्या शेवटच्या टप्प्यात वीज वापरून टाकावी, म्हणजे माथ्यावर पोचताना निदान पाव बॅटरी रिकामी असेल. नेव्हिगेशनमध्ये मार्ग टाकला तर काही गाड्या पुढचा उतार ओळखून हे स्वतःच करतात.

आणि बॅटरी फुल असतानाच उतरावं लागलं, तर आरंभीच वेग कमी ठेवावा, 'बी' किंवा खालचा गिअर निवडावा, इंजिनाला घुमू द्यावं. ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवू नये. थोडा जोरात दाबून वेग उतरवावा आणि सोडून द्यावा, म्हणजे डिस्कना मधे वारा मिळतो. न्यूट्रलमध्ये घरंगळत जाणं हा सर्वांत वाईट पर्याय. त्यात मोटारही ब्रेक लावत नाही आणि इंजिनही नाही. क्रूझ कंट्रोलवर विसंबू नये, कारण वेग धरून ठेवण्यासाठी ते ज्या ओढीवर अवलंबून असतं तीच आज कमी असते. काही गाड्यांत ते साधा ब्रेक लावतं, काहींत वेग वाढू देतं.

फुल बॅटरीचा एक अनपेक्षित फायदाही होतो. रीजनमुळे पॅड-डिस्क इतके कमी वापरले जातात की दमट हवेत डिस्कवर गंज धरतो. सकाळच्या त्या पहिल्या काही ब्रेकांत पॅड डिस्कवर घासतात आणि तो गंज उतरतो. सुरुवातीला किंचित खरखर ऐकू आली तर ती हीच.

दुरुस्तीला कधी न्यावी? बॅटरी ४०-६० टक्क्यांवर आहे, हवा उबदार आहे, गाडी पंधरा-वीस मिनिटं चाललेली आहे, आणि तरीही पाय उचलल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर चार्जिंगचा काटा हलत नाही, तर मात्र काहीतरी बिघडलंय. तसंच पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, मऊ लागत असेल किंवा ब्रेकचा इशारादर्शक दिवा लागला असेल, तर बॅटरीचे टक्के पाहत बसू नये. गाडी थेट ब्रेक तपासायला न्यावी.